उभ्या गाडीला जेवू घालणाऱ्या राऊतबाई

राऊतबाईंना नम्रतेचं वावडं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी एका साध्याभोळ्या, कष्टाळू बाईचं गुणगान करायला बसलोय असं कुणाला वाटायला नको. बाई कष्टाळू होत्या, पण साध्या नव्हत्या आणि भोळ्या तर मुळीच नव्हत्या. "या विमानतळावर विजेतलं माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं ते सांगा, उद्या त्याला घरची सुकेळी आणून देते," असं त्या भर मीटिंगमध्ये म्हणायच्या. कुणी हात वर करत नाही असं बघून सुकेळ्यांचं पाकीट पर्समधून काढायच्या आणि स्वतःच फोडायच्या. वसईजवळ निर्मळला त्यांच्या वाडीतली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून ती सुकेळी केलेली असत. निम्मी त्या खात आणि निम्मी आम्हाला वाटत, त्यामुळे त्यांच्या बढाईला आमचा कधी फारसा विरोध झाला नाही.

आमची कंपनी विमानाच्या पोटाखालची कामं करते. विमान येऊन उभं राहिलं की त्याच्याभोवती गाड्यांची झुंबड उडते. बॅगांच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सामान वर चढवणारे पट्टे आणि निघताना विमानाला नाकापाशी धरून मागे ढकलणारा टग. प्रवाशांना यातलं काही आठवत नाही, कारण ते तेव्हा वरचा कप्पा उघडून दुसऱ्याची बॅग सरकवत असतात. मी तिथे शिफ्ट इन्चार्ज, आणि राऊतबाई विद्युत विभागाच्या प्रमुख. मी मूळचा साताऱ्याकडचा, आता विरारचा फ्लॅटवाला. कंपनीची बस विरारहून सुटायची, म्हणून पुढची खिडकी माझी. वसईत बाई चढल्या की ती खिडकी त्यांची. "शिंदे, सरका," एवढंच म्हणायच्या. मी इतकी वर्षं सरकत आलो.

त्यांची एक सवय सगळ्या रॅम्पला, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवाराला, ठाऊक होती. कुठलीही केबल दिसली की बाई तिच्यावर हात उलटा करून ठेवायच्या, आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते तसा. तापमान मोजायची यंत्रं त्यांच्याच कपाटात होती, त्यांची निगाही त्या डोळ्यांत तेल घालून ठेवत. पण आधी हात, मग यंत्र. दोघांचं जमलं नाही तर बाई यंत्र दुरुस्तीला पाठवायच्या, आणि सांगायला वाईट वाटतं, यंत्रच बिघडलेलं निघायचं.

सगळ्या गाड्या डिझेलवरून विजेवर आणायच्या असं वरून ठरलं, तेव्हा बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. बाहेरून सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली. लांब कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत चार्जरची सरळ रांग, वर छप्पर, आणि एवढ्या सगळ्यांना एकदम वीज पुरावी म्हणून नवं सबस्टेशन. त्यासाठी खोदकाम, परवानग्या आणि कित्येक महिन्यांची वाट. सादरीकरण संपल्यावर आमच्या मोठ्या साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" नेहमीप्रमाणे सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले.

"मला बोलायचंय," बाई म्हणाल्या. "एकदम कशाला लागते वीज? सगळं गाव एकाच वेळी जेवायला बसतं का?"

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. विमान आलं की गाड्यांची धावपळ, विमान गेलं की गाड्या उभ्या. ती उभी राहण्याची वेळ वाया जाते. त्या वेळात थोडं थोडं चार्ज केलं, आळीपाळीने केलं, तर आहे त्या विजेत सगळ्यांचं भागतं. "उभी गाडी म्हणजे भुकेली गाडी. दिसली की तिला जेवू घाला." हे वाक्य त्यांनी पुढे इतक्यांदा ऐकवलं की रॅम्पवरची माणसं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना तेच सांगायला लागली.

साहेब हुशार माणूस. हो म्हणाले, पण अट घालून. दिवाळीपर्यंत एका बाजूच्या गाड्या बाईंच्या पद्धतीने चालवून बघायच्या. तोवर जुन्या डिझेल गाड्या यार्डात तयार ठेवायच्या. चार्जिंगपायी एक जरी विमान रखडलं तरी बाईंची योजना गुंडाळायची, डिझेल परत आणायचं आणि सबस्टेशनची वाट बघायची.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाईंनी खिडकी मागितली नाही. मी स्वतःहून सरकलो. वसई जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "शिंदे, नोकरी लागल्यापासून दुसऱ्यांनी आखलेल्या कामांना वायरी जोडत आलेय. हे पहिलंच माझं स्वतःचं. आणि शेवटचंच." बढाया मारणारं माणूस असं साध्या आवाजात बोलायला लागलं की ऐकणाऱ्याला काय करावं सुचत नाही. मी सुकेळी मागितली.

चार्जर कुठे बसवायचे हे ठरवायला बाई रॅम्पवर छत्री घेऊन उभ्या राहू लागल्या. डोक्यावर हेल्मेट, अंगावर ते पिवळं चकचकीत जाकीट आणि वर फुलाफुलांची छत्री. विमानांचे पायलटसुद्धा वाकून बघायचे. काम संपलं की ड्रायव्हर गाडी कुठे सोडतो एवढंच त्या बघत होत्या. ड्रायव्हर ती नेमून दिलेल्या जागी कधीच सोडत नाही, सावली, पंखा आणि चहा जिथे असेल तिथे सोडतो. बाईंनी चार्जर तिथेच लावून घेतले, विश्रांतीच्या खोलीच्या भिंतीला, चहाच्या मशिनपासून हाकेच्या अंतरावर. "माणूस चहा प्यायला थांबतो तेवढ्यात गाडीने चार घास खायचे," त्या म्हणाल्या.

सगळं छान होतं, फक्त काशिनाथचं जमत नव्हतं. काशिनाथ भोईर हा आमचा टगचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, चिंचोटीचा. विमान ढकलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि हट्टीपणातही नाही. डिझेलच्या टगची टाकी तो शिफ्ट संपताना काठोकाठ भरून ठेवायचा, दुसऱ्याच्या हाती रिकामी गाडी देणं त्याला कमीपणाचं वाटे. तीच रीत त्याने बॅटरीला लावली. एकदा प्लग लावला की बॅटरी पूर्ण भरेपर्यंत काढायचा नाही. वर प्लगपाशी खुर्ची टाकून बसायचा, राखणीला. त्याचं बघून बाकीचेही तसंच करू लागले. शिफ्ट बदलताना सगळ्यांनी एकदम गाड्या लावल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्या बाजूची वीज गेली. नशीब तेव्हा विमान नव्हतं.

"काशिनाथ, थोडं झालं की दुसऱ्याला दे रे."

"मॅडम, अर्ध्या पोटी गाडी मी कोनाला देनार नाय. मंग मधीच बसली तं नाव कोनाचं खराब होनार? माझं."

बाई चिडल्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी काशिनाथला आणि मला निर्मळला घरी जेवायला बोलावलं. देवळाच्या मागच्या रस्त्याला वळलं की दोन्ही बाजूंनी केळी आणि फुलझाडं, आणि मध्ये सायकल जाईल एवढी वाट. वाडीच्या टोकाला बावखल होतं. बावखल म्हणजे या भागातलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. आजूबाजूच्या सगळ्या वाड्या त्या एका पाण्यावर. काठावर छोटी मोटर बसवलेली होती आणि बाईंचे थोरले भाऊ नाना तिच्या शेजारी लुंगी वर खोचून उभे होते.

"आधी इथे डिझेलचं इंजिन होतं," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला वाटायचं, आपली वाडी पुरी भिजवून घ्यावी. मग पाणी तळाला जायचं आणि खालून खारं यायचं. खाडी काय लांब आहे? खारं पाणी लागलं की मोगरा गेला, केळ गेली. शेवटी आमच्या वडिलांनी नंबर लावून दिले. प्रत्येकाने थोडं घ्यायचं, मोटर बंद करायची, बावखलाला भरायला वेळ द्यायचा, मग पुढच्याने घ्यायचं. पहिले दिवस भांडणं झाली. पण एकाही वाडीतली केळ वाळली नाही."

काशिनाथने नानांना विचारलं, "आनि एखाद्यानं मोटर बंदच नाय केली तं?"

नाना म्हणाले, "तर पुढच्या नंबराला कोण त्याच्याशी बोलेल? लग्नाला कोण जाईल त्याच्याकडे?"

काशिनाथ भातशेतीवाल्या घरचा. खारं पाणी बांध फोडून आत आलं की काय होतं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. जेवताना बाईंनी चौथ्यांदा भात वाढायला घेतला तेव्हा ताटावर आडवा हात धरून म्हणाला, "बस मॅडम, पुढच्याला ठेवा." बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर प्लगपाशी खुर्ची दिसली नाही. भिंतीवर नंबर लागले. ज्याचं विमान आधी, त्याचा नंबर आधी. गाड्या चालू लागल्या, पावसाळा निभावला, गणपतीची गर्दी निभावली. रॅम्पवर धूर कमी झाला आणि लोडर पोरांचा खोकलाही. बाईंचा तोरा इतका वाढला की बसमध्ये त्यांना आता दोन जागा लागायला लागल्या, एक त्यांना आणि एक त्यांच्या कौतुकाला. आणि मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा होते. डिझेल असो नाहीतर वीज, त्याशिवाय कुणी किल्ली फिरवणार नाही. बाईंनी निर्मळहून झेंडूच्या टोपल्या आणल्या. पूजा मागच्या यार्डात, रॅम्पपासून लांब, कारण विमानाच्या इंजिनाला बारीकसारीक वस्तूचं फार भय. इंजिन सगळं आत ओढून घेतं. त्यामुळे हार दोऱ्यात घट्ट ओवलेले, आणि पूजा झाल्यावर सगळे काढायचे, एक पाकळी राहता कामा नये, असा बाईंचा हुकूम. सगळे तयारीला लागले आणि काशिनाथ ताट हातात घेऊन टगसमोर अडून बसला.

"मॅडम, ह्या गाडीला इंजिनच नाय. कुंकू लावाचं कुटं?"

प्रश्न बरोबर होता. इतकी वर्षं कुंकू इंजिनाच्या बॉनेटवर लावत आलो. बाईंनी क्षणभर विचार केला आणि टगच्या कुशीतलं चार्जिंगचं झाकण दाखवलं. "सगळं बळ इथून येतं. इथे लाव."

काशिनाथने भक्तिभावाने लावलं. त्याचं बघून सगळ्यांनी लावलं. आरती झाली, पेढे झाले. मग हार काढले आणि आम्ही सगळ्यांनी ओणवं होऊन यार्डातली पाकळी न् पाकळी वेचली. स्वतः साहेबांनी दोन उचलल्या. कुंकवाकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही.

दुपारी गर्दी सुरू झाली. सणाचा दिवस, विमानं भरलेली. एका ट्रॅक्टरवाल्याने प्लग लावला, चार्जरवर लाल दिवा. दुसरा चार्जर घेतला, तिथेही लाल. बघता बघता भिंतीवरच्या निम्म्याहून जास्त चार्जरना लाल दिवे लागले. बाई धावत आल्या. केबलवर हात ठेवला, गार. प्लग उलटा करून बघितला आणि बोट फिरवलं. बोट लाल झालं.

बाईंनी झाकण दाखवलं होतं, ते झाकणाच्या वर लावायला. काशिनाथने ते उघडून आत लावलं होतं, तेलात कालवून, गाडीच्या अगदी तोंडात. त्या सॉकेटातून ते प्लगला लागलं, त्या प्लगवरून पुढच्या गाडीला, आणि साथ पसरावी तसं पसरत गेलं. चार्जर शहाणे, पिनांवर मळ दिसला की वीज देतच नाहीत.

"कुणीही कुठलाही प्लग लावायचा नाही!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज जेट इंजिनावरून ऐकू आला, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात साहेबही आले. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि डिझेलचा टग काढायला सांगितलं. यार्डात जुनं इंजिन धडधडायला लागलं, काळा धूर वर चढला. मी बाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. कधी नव्हे ते.

"साहेब, तो चालू राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण पुढे आणू नका. मी सांगेन तेव्हा आणा."

मग बाईंनी चार्जर निवडले. स्वच्छ होते ते एका बाजूला, कुंकवाचे दुसऱ्या. इलेक्ट्रिशियन पोरांना ब्रश आणि फवारा देऊन आधी गाड्यांची सॉकेटं आणि मग चार्जरच्या पिना धुवायला बसवलं. आणि उरलेल्या मोजक्या चार्जरवर नंबर लावले. कुणाचं विमान आधी सुटणार, कुणाच्या पोटात किती आहे, हे त्या एकेका ड्रायव्हरला विचारत गेल्या. पण विचारणं सोपं, सोडणं कठीण. ज्याचा प्लग लागलेला, तो काढायला तयार होईना. ऐन गर्दीत आपलीच गाडी मध्ये बसली तर, हे भय प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. एक स्वच्छ चार्जर काशिनाथच्या टगला, त्याचं सॉकेट धुऊन झाल्यावर, लागलेला होता. त्याचं विमान अजून यायचं होतं.

काशिनाथने एकदा यार्डातल्या धुराकडे बघितलं. मग पुढे होऊन आपल्या टगचा प्लग स्वतः काढला आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिला.

"घे. माझ्या पोटात हाय पुरतं. नंबर तुझा."

त्याने दिल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. प्लग या हातातून त्या हातात जाऊ लागले. थोडं घ्यायचं, सोडायचं, पळायचं. सामान चढलं, पट्टे हलले. धुतलेले चार्जर एकेक करून हिरवे व्हायला लागले. काशिनाथचं विमान आलं, भरलं आणि सुटायची वेळ झाली, तेव्हा त्याच्या टगमध्ये जेमतेम होतं. बाई ओठ मिटून उभ्या होत्या. त्याने विमान इतक्या अलगद मागे नेलं की थेंबभरही वीज वाया गेली नसेल. विमान वेळेवर निघालं. डिझेलच्या टगला पुढे आणायची वेळ आलीच नाही. शेवटी साहेबांनीच इंजिन बंद करायला सांगितलं, आणि त्यानंतर यार्डात जी शांतता पडली ती ऐकायला आम्ही सगळे उभे राहिलो. मला त्या दिवशी आमच्या सगळ्यांचा भयंकर अभिमान वाटला. बाईंचा सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. "आत कुंकू कुणी लावलं?" साहेबांनी विचारलं. काशिनाथ दाराशी मान खाली घालून उभा.

"जागा मी दाखवली," बाई म्हणाल्या. "झाकण उघडू नका हे सांगायचं मला सुचलं नाही. चूक माझी. लिहा राऊत." ही बाई आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल करत होती, आणि तेही अशा थाटात, जणू बक्षीस घेतेय.

"मग यापुढे पूजाच बंद करू."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "पूजा बंद केलीत तर ती गाडी कंपनीची राहील, ड्रायव्हरांची होणार नाही. काल त्यांनी कंपनीच्या गाडीसाठी प्लग सोडले असं वाटतं का तुम्हाला?"

साहेबांनी पूजा राहू दिली. आठवड्याभरात प्रत्येक गाडीच्या चार्जिंगच्या झाकणावर, बाहेरून, रंगाचा गोल लाल टिळा आला. कुंकवाची कायमची जागा. दिवाळीनंतर उरलेल्या सगळ्या गाड्यांची योजना बाईंच्याच पद्धतीने मंजूर झाली. सबस्टेशनचं नाव परत कुणी काढलं नाही. त्या आठवड्यात बाईंनी सुकेळी वाटली ती टोपलीने.

त्या निवृत्त झाल्या आणि बसमधली खिडकी मला परत मिळाली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडेनाशी झाली.

मध्यंतरी एकदा त्यांचा फोन आला. भाचीचं लग्न बंगळुरूला, आणि बाई जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. इतकी वर्षं विमानाखाली काढली, वर कधी चढल्या नव्हत्या. मी ड्यूटी बदलून घेतली. विमान लांबच्या जागेवर उभं होतं, प्रवासी बसने येऊन शिडी चढत होते. नाकापाशी टगवर काशिनाथ, दाढी गुळगुळीत करून आलेला. त्याने मुद्दाम मागून हे विमान घेतलं होतं.

बाई बसमधून उतरल्या. मोरपिशी साडी, केसात सोनचाफा, मागे हळूहळू येणारे नाना. मी लांबून हात केला, बाईंनी बघितलासुद्धा नाही. शिडीच्या अर्ध्यात पोचल्या आणि थांबल्या. मागची रांग थांबली. कुणीतरी कुरकुरलं. बाई विमानाच्या दाराकडे बघत नव्हत्या, टगकडे बघत होत्या. मग त्यांनी हात लांब करून बोट दाखवलं.

काशिनाथने वळून बघितलं. गडबडीत टगचं चार्जिंगचं झाकण उघडं राहिलं होतं. तो उडी मारून खाली उतरला, झाकण दाबून बंद केलं, आणि वरच्या लाल टिळ्याला बोट लावून ते कपाळाला टेकवलं. मग शिडीकडे बघून दोन्ही हात जोडले.

बाईंनी मान हलवली, पसंतीची. शिडीच्या कठड्याला आपसूक उलटा हात लावला, तापलाय का बघायला, आणि आत गेल्या. थोड्या वेळाने काशिनाथने ते विमान मागे ढकललं. टगचा आवाज अजिबात नव्हता.